टॅक्सवाल्या सरांची बेरीज कोण करणार?

प्रति,
प्राप्तिकर कायद्याच्या कलम २७९ प्रमाणे ज्यांच्या मंजुरीशिवाय करचुकवेगिरीचा खटला उभाच राहत नाही, त्या सर्व प्रधान आयुक्त व आयुक्तांस,

महोदय, महोदया,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला २२ वर्षं झाली. हे पत्र गुन्हा केलेली बाई म्हणून लिहावं की फसवली गेलेली म्हणून, हे माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून आधी माझा गुन्हा सांगते, मग बाकीचं.

जुलै २०२२ ची गोष्ट. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, हातात पडला की आमच्या ड्युटी रूममध्ये दरवर्षी एक गृहस्थ यायचे. हातात लॅपटॉप, बगलेत लांबडी वही, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण हाक मारायची ती ‘टॅक्सवाले सर’ अशीच. सी.ए. आहेत असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. दोन वर्षं कोविडची गेली होती. फॉर्म १६ वरचे आकडे वाचायचं त्राण कुणाच्या अंगात नव्हतं, आणि हा माणूस पाच मिनिटांत काम उरकायचा. "सिस्टर, मोबाईल बघा, ओटीपी आलाय, सांगा." मी सांगितला. महिनाभरात खात्यावर ४१,६०० रुपये रिफंड आला. त्यातले वीस टक्के, म्हणजे ८,३०० रुपये, मी त्यांना फोनवरून पाठवले. उरलेल्या पैशात माहेरच्या घराचे पत्रे बदलले.

मला संशय आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. आधी कधी दोन हजारांच्या वर रिफंड आलेला नव्हता. विचारलं तेव्हा सर म्हणाले, "सगळं कायद्यात बसवलंय, तुम्ही काळजी करू नका." ‘बसवलंय’ हा शब्द तेव्हाच कानाला खटकायला हवा होता. औषध चढवण्याआधी केसपेपरवर डॉक्टरची सही आहे ना, हे मी तीन वेळा बघते. स्वतःच्या विवरणपत्रात काय लिहिलंय हे मात्र एकदाही बघितलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

काय लिहिलं होतं ते मला तीन वर्षांनी कळलं, जुना कर पुन्हा मोजण्याआधीची, कलम १४८अ ची नोटीस आली तेव्हा. कलम ८०जीजीसी खाली १,४०,००० रुपये मी एका राजकीय पक्षाला देणगी दिली होती म्हणे. त्या पक्षाचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही आणि त्याचा पत्ता परराज्यातला आहे. कलम ८०ई खाली ६०,००० रुपये शैक्षणिक कर्जाचं व्याज भरलं होतं. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता! दोन्ही मिळून दोन लाखांची वजावट, त्यावर २० टक्के कर आणि उपकर, झाले बरोबर ४१,६०० रुपये. हिशेबात सर पक्के.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फेरआकारणी झाली. कर आणि व्याज मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून भरलं. आता कलम २७०अ खाली दंडाची नोटीस आहे. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे ८३,२०० रुपये. त्याच्या पुढच्या, २०२३-२४ या आकारणी वर्षाचा, असाच उद्योग मी स्वतः अद्ययावत विवरणपत्र भरून, ५० टक्के अधिकचा कर देऊन मिटवला. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. सरकारचे पैसे माझ्याकडे आले होते, ते परत गेले पाहिजेत. त्याबद्दल माझी एका पैचीही तक्रार नाही.

माझी तक्रार त्या लांबड्या वहीबद्दल आहे.

त्या वहीत सर प्रत्येकाचा अनुक्रमांक टाकायचे. माझा त्या वर्षीचा अनुक्रमांक ३१२ होता. हे लक्षात राहिलं कारण आमच्या जुन्या क्वार्टरचा नंबरही ३१२, आणि आम्ही दोघंही त्यावर हसलो होतो. जुलै तेव्हा निम्मासुद्धा सरलेला नव्हता. माझ्यानंतर वहीत किती नावं चढली ते मी सांगू शकत नाही. पण ३१२ धरा आणि प्रत्येकी ४० हजार धरा. सव्वा कोटी होतात. एका माणसानं, एका वर्षात, एका लॅपटॉपवरून सरकारच्या तिजोरीतून काढलेले सव्वा कोटी, आणि त्यातले वीस टक्के त्याच्या खिशात. हा माझा अंदाज आहे, चुकीचा असू शकेल. पण तपासून पाहण्याची साधनं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

आणि नेमकी हीच बेरीज तुमच्या खात्यात कुणी करत नाही. तिथे ३१२ वेगवेगळ्या पॅनच्या ३१२ वेगवेगळ्या फायली होतात, प्रत्येकीत चाळीसेक हजार. आमची विवरणपत्रं भरली तेव्हाच्या कलम २७८ मध्ये शिक्षेची पायरी बदलायची ती २५ लाखांवर. खोटं विवरणपत्र भरायला मदत करणाऱ्याला, कर २५ लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी होती, त्याखाली असेल तर तीन महिने ते दोन वर्षं. शिवाय ९ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रक क्रमांक २४ ने ठरवून दिलंय की जाणूनबुजून कर चुकवल्याचा खटला २५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात भरायचा तर मुख्य आयुक्त दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांची आधी संमती हवी. हे मला मान्य आहे. चाळीस हजारांसाठी एका नर्सला कोर्टात उभं करू नये, म्हणूनच हा नियम असणार. पण त्या नियमाच्या सावलीत सर निवांत बसलेत. त्यांच्या धंद्याचा एकेक तुकडा घेतला तर कुठलाच तुकडा खटल्याच्या मापाचा भरत नाही. तुकडे जोडून माप घ्यायला कुणी तयार नाही.

मी वकील नाही. नोटीस आल्यापासून जे वाचलं, विचारलं, त्यावरून हे लिहितेय. कायद्याचं कलम सांगताना कुठे चुकले असेन तर दुरुस्त करा. पण खालच्या गोष्टींबद्दल माझं चुकलेलं नाही, कारण त्या माझ्या डोळ्यांदेखत घडल्या.

विवरणपत्र भरल्यावर जी पोचपावती निघते, तिच्यावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: अमुक तारखेला, अमुक आयपी पत्त्यावरून, म्हणजे अमुक क्रमांकाच्या इंटरनेट जोडणीवरून, सादर. आम्ही कधी वाचलं नव्हतं. नोटिसा आल्यावर एका रविवारी आम्ही अकरा जणी माझ्या घरी जमलो. कुणी पोहे करत होतं, कुणी रडत होतं, एकीचा नवरा फोनवरून ओरडत होता. मी सगळ्यांच्या पावत्या जमिनीवर ओळीनं मांडल्या, चार्ट मांडावेत तशा. अकरापैकी आठ पावत्या एकाच दिवसाच्या होत्या आणि आठही पावत्यांवरचा आयपी पत्ता आकड्याला आकडा तोच. उरलेल्या तिघींचा दुसऱ्या दिवशीचा, तोही आपसात तोच. पक्षही सगळ्यांचा एकच निघाला. आमच्यातली एक उपवासाला सुद्धा पैसे खर्च करत नाही, तिनं पक्षाला दीड लाख दिलेले! अकरा जणींचा मिळून रिफंड ४ लाख ३७ हजार. कात्री, डिंक न लावता, अर्ध्या तासात आम्हाला हा माणूस कागदावर दिसला. तुमच्याकडे तर संगणक आहेत.

दुसरं. विवरणपत्रात ई-मेल आणि संपर्काचा मोबाईल सरांनी स्वतःचा टाकला होता; आधार जोडलेल्या माझ्या मोबाईलवर आला तो फक्त ओटीपी. त्यामुळे खात्यानं सावध करणारा जो संदेश लोकांना पाठवला, तो मला पोचलाच नाही. शेजारच्या वॉर्डातल्या परिसेविकेचा ई-मेल तिचा स्वतःचा होता. तिला संदेश मिळाला, तिनं मुदतीत अद्ययावत विवरणपत्र भरलं आणि ती दंडातून सुटली. दोघींचा गुन्हा एक, सर एक, आयपी पत्ता एक. फरक पडला तो एका ई-मेलनं, आणि तो ई-मेल सरांच्या हातात होता. सूचना त्यांना मिळाली होती. त्यांनी आम्हाला कळवलं नाही, हे सांगायला नको.

हा प्रकार तुम्हाला नवा नाही. १४ जुलै २०२५ च्या तुमच्याच निवेदनात लिहिलंय की काही दलाल केवळ गठ्ठ्यानं विवरणपत्रं भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल उघडतात, मग ते सोडून देतात आणि खात्याच्या नोटिसा न वाचता पडून राहतात. त्याच दिवशी देशभरात १५० ठिकाणी तपासणी झाली, महाराष्ट्राचं नाव त्या यादीत आहे. चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपणहून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, हेही त्यातच आहे. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये बंगळूरच्या, विवरणपत्रं तपासणाऱ्या तुमच्या प्रक्रिया केंद्रानं नोकरदारांना जाहीर इशारा दिला होता की दलालांच्या नादी लागून खोट्या वजावटी दाखवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांवर छापे पडले होते, देणग्यांच्या याच व्यवहारासाठी. म्हणजे रोग ओळखून वर्षं झाली. औषध मात्र रुग्णालाच पाजलं जातंय.

आमच्याकडे बोगस डॉक्टर शोधायची मोहीम असते. तालुक्याची समिती असते, पोलीस घेऊन जातात, दवाखान्याला कुलूप लावतात आणि १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. त्या बोगस डॉक्टरकडून सलाइन लावून घेतलेल्या म्हातारीवर कुणी गुन्हा नोंदवत नाही. ही तुलना पुरती जुळत नाही, ते मला कळतं. त्या म्हातारीला सलाइनमधून नफा झालेला नसतो, मला ३३,३०० रुपयांचा झाला. म्हणून तर माझा कर, व्याज, दंड याबद्दल मी हुज्जत घालत नाही. पण दवाखाना तरी बंद करा.

तो बंद झालेला नाही. या जुलैत सर पुन्हा आले होते. आता ते म्हणतात, नव्या करपद्धतीत वजावटींना वाव उरला नाही, तेव्हा जुनी भानगड मिटवून घ्या. ज्यांचे खोटे दावे त्यांनीच भरले, त्यांचीच अद्ययावत विवरणपत्रं ते आता भरून देतात. एका विवरणपत्राचे ३,००० रुपये, आगाऊ. आमच्या दोघींनी दिलेसुद्धा! ऐकून आधी हसू आलं, मग मी पाणी प्यायला बाहेर गेले.

मी गप्प बसले नाही, हेही नोंदवते. फेरआकारणीच्या उत्तरात मी त्यांचं नाव, मोबाईल नंबर, कमिशन पाठवल्याचा बँकेचा पुरावा आणि आठ पावत्यांच्या प्रती जोडल्या. आदेशात त्यावर एक वाक्य आलं. सारांश असा की विवरणपत्राची पडताळणी करदात्यानं स्वतः केली आहे, तेव्हा सल्लागारावर ढकलता येणार नाही. मला ढकलायचं नव्हतंच. मला दाखवायचं होतं. सुनावणी समोरासमोर नसते, सगळं पोर्टलवर चालतं, त्यामुळे ‘अहो, हे बघा’ असं म्हणायला समोर कुणीच नसतं. पोलीस ठाण्यात गेले, तर हवालदारांनी विचारलं, "ओटीपी कुणी दिला?" मी म्हटलं, मी. त्यांनी वही मिटली.

आता खोट्या देणगीच्या दुसऱ्या टोकाबद्दल थोडं. आमच्यासारख्या नोकरदारांच्या बाबतीत देणगी नुसती कागदावर असते, एक रुपयाही हलत नाही. आमच्यातल्या एकीचे यजमान ठेकेदार आहेत. त्यांच्या बाबतीत पैसा खरोखर हलला. बँकेतून पक्षाच्या खात्यात रक्कम गेली, पावती आली, आणि आठवड्याभरात कमिशन कापून रोख परत. कायदा रोख देणगीला वजावट देत नाही, म्हणून जाताना बँकेतून आणि येताना पिशवीतून. निवडणूक आयोगानं ९ ऑगस्ट २०२५ रोजी ३३४ अमान्यताप्राप्त पक्षांची नावं यादीतून काढली, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. त्यांना काढलं ते सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवल्यामुळे, खोट्या पावत्यांमुळे नव्हे. आमच्या पावत्यांवरचा पक्ष त्यात आहे की नाही याच्याशी मला घेणं नाही. नाव काढलं म्हणजे हिशेब झाला, असं होऊ नये एवढंच. पावती फाडणाऱ्याचाही जबाब झाला पाहिजे.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, इथे पैसे घेऊन दुसऱ्याचं विवरणपत्र भरणाऱ्याला सरकारकडून नंबर घ्यावा लागतो आणि तो नंबर प्रत्येक विवरणपत्रावर टाकावा लागतो." मग त्यानं मला पॉल डॉगर्डास नावाच्या शिकागोच्या वकिलाची बातमी पाठवली. हा माणूस श्रीमंतांना खोटे तोटे दाखवून कर वाचवायच्या योजना विकायचा. २०१४ मध्ये त्याला १५ वर्षांचा तुरुंगवास झाला. केपीएमजीसारख्या हिशेबतपासणीच्या बड्या फर्मलाही अशाच योजना विकल्याबद्दल २००५ मध्ये ४५ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले. गिऱ्हाइकांकडून वसुली झाली ती वेगळी. ती माणसं कुठे आणि आमचे ड्युटी रूममधले सर कुठे, हे मला समजतं. पण युक्ती विकणारा आणि युक्ती विकत घेणारा, हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि दोघांचा वेगवेगळा हिशेब मांडायचा असतो, इतकी गोष्ट त्या बातमीवरून माझ्या ध्यानात आली.

आपल्याकडेही तशी सोय आहे, असं नंतर कळलं. कलम १३९ब खाली २००६ पासून प्रशिक्षित विवरणपत्र तयारकर्त्यांची योजना आहे. त्यानं विवरणपत्र भरलं तर त्याचं नाव त्यावर येतं. पण ती ज्याला हवी त्यानं वापरायची सोय आहे. सरांसारख्या माणसाला कुठेही नाव लिहावं लागत नाही. कागदोपत्री ते विवरणपत्र मी, माझ्या हातानं, नाइट ड्युटी संपवून सकाळी अकरा वाजता भरलेलं आहे.

तर माझ्या, आणि आम्हा अकरा जणींच्या मागण्या अशा:

१. एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच ई-मेल वा मोबाईलवरून भरलेली, एकाच पक्षाची देणगी दाखवणारी विवरणपत्रं एकत्र करा आणि ती भरणाऱ्या माणसाची एक फाईल उघडा. त्या फाईलवर एकूण बुडालेला कर लिहा. मग कलम २७८ खाली मंजुरी द्यायची की नाही ते ठरवा. खोटी पावती किंवा खोटं प्रमाणपत्र सापडलं तर फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा पोलिसांकडे नोंदवा. आमच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, एवढ्या कारणानं या फायली कपाटात जाऊ देऊ नका.

२. आमचे जबाब घ्या. आम्ही साक्ष द्यायला तयार आहोत आणि साक्षीच्या बदल्यात दंडमाफी मागत नाही. दंड कायद्यानं जो ठरेल तो ठरेल. मात्र आमच्या आदेशात त्या माणसाचं नाव आणि आम्ही दिलेला पुरावा नोंदवला जावा.

३. पैसे घेऊन दुसऱ्याचं विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी क्रमांक घ्यायला लावा आणि तो विवरणपत्रावर छापा. गावातला प्रामाणिक टॅक्स सल्लागार याला हरकत घेणार नाही. उलट त्याचं गिऱ्हाईक परत येईल. आमच्या गावात असे दोन जण आहेत आणि ‘तुम्ही रिफंड काढून देत नाही’ म्हणून आम्हीच त्यांच्याकडे जायचं सोडलं होतं.

४. ओटीपीचा संदेश बदला. आज त्यात सहा आकडे येतात. त्याऐवजी आधार जोडलेल्या मोबाईलवर, करदात्याला कळेल त्या भाषेत, असं यावं: ‘आपण राजकीय पक्षाला १,४०,००० रुपये देणगी दिल्याचं आणि ६०,००० रुपये शैक्षणिक कर्जाचं व्याज भरल्याचं जाहीर करत आहात. परतावा ४१,६०० रुपये. मान्य असल्यास हा क्रमांक वापरा.’ असा संदेश त्या दिवशी आला असता तर मी ओटीपी दिला असता का? प्रामाणिकपणे सांगते, आमच्यातल्या दोघी तिघींनी तरीही दिला असता. पण मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय कुणालाच उरली नसती, त्यांना नाही आणि मलाही नाही.

५. संपर्काचा ई-मेल बदलला तर नोटीस टपालानंही पाठवा. निदान फेरआकारणीची तरी.

६. दरवर्षी किती दलालांवर खटले भरले आणि किती जणांना शिक्षा झाली, हा आकडा जाहीर करा. करदात्यांच्या आकड्यात मिसळून नको, वेगळा.

एक गोष्ट या यादीत बसत नाही, म्हणून शेवटी लिहिते. आमच्या रुग्णालयात या वर्षी नव्या मुली रुजू झाल्या आहेत. तेवीस, चोवीस वर्षांच्या, पहिला फॉर्म १६ हातात घेऊन हरखलेल्या. त्यातल्या एकीनं परवा जेवणाच्या सुट्टीत मला विचारलं, "सिस्टर, ते टॅक्सवाले सर कधी येतात?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण त्यांना तर काही झालं नाही ना?"

तिला काय उत्तर द्यायचं, ते मला सुचलं नाही. ते तुमच्याकडे आहे.

या पत्राची सही केलेली प्रत, माझं नाव, पॅन, अकरा पोचपावत्या, कमिशन पाठवल्याच्या नोंदी आणि त्या गृहस्थांचं नाव व मोबाईल नंबर रजिस्टर टपालानं आमच्या विभागाच्या प्रधान आयुक्तांकडे वेगळं पाठवलं आहे. इथे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. नाव जाहीर करणं माझं काम नाही, खटला भरणाऱ्याचं आहे.

जबाबासाठी बोलवायचं झालं तर या महिन्यात माझी रात्रपाळी आहे. सकाळी नऊनंतर कधीही येऊ शकते.

आपली,
एक अधिपरिचारिका
(आणि तिच्या दहा सहकारी)
जिल्हा सातारा